नशामुक्त मजला मागून का घ्यावा लागतो?

अमेरिकेत कॉलेजला निघालेल्या मुलामुलींसमोर मे-जूनच्या सुमारास हाउसिंगचा, म्हणजे वसतिगृहाचा, फॉर्म येतो. १ मेपर्यंत डिपॉझिट भरून प्रवेश नक्की करायचा, आणि मग हे पोर्टल उघडतं. रात्री किती वाजता झोपता, खोली कितपत आवरलेली लागते, पाहुणे आलेले चालतात का, अभ्यास करताना गाणी लावता का, असे प्रश्न असतात. त्यातच कुठेतरी एक चौकट असते: ‘मला सबस्टन्स-फ्री मजल्यावर राहायचं आहे.’ म्हणजे दारू, सिगारेट, व्हेप, गांजा यांतलं काहीही मजल्यावर आणणार नाही आणि नशेत मजल्यावर परतणार नाही, असं सही करून देणाऱ्यांचा मजला. काही ठिकाणी त्याला वेलनेस हाउसिंग म्हणतात. त्याच पानावर थीम हाउसिंगची यादी असते. त्यात परकीय भाषेचं घर असतं, कलावंतांचं घर असतं, पर्यावरणाचा मजला असतो, इंजिनिअरिंगच्या मुलींचा मजला असतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरांत या चौकटीवरून दर उन्हाळ्यात वाद होतात. आईबाबांना ती टिक झालेली हवी असते. मुलांना वाटतं, टिक केली की पहिल्याच दिवशी आपल्यावर ‘बोअरिंग’चा शिक्का बसणार. पुण्या-मुंबईहून बारावीनंतर थेट इकडे येणाऱ्या मुलांना तर ही चौकट कशासाठी आहे हेच उमगत नाही. हॉस्टेलवर दारू चालत नाही, सापडलं तर रेक्टर घरी फोन करतात, हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं. त्यांच्या दृष्टीने ‘दारू नसलेलं हॉस्टेल’ ही वेगळी मागायची गोष्टच नाही.

मला त्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं. मुलांनी ती चौकट खुशाल टिक करावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खरी मागणी त्यापुढची आहे. विद्यापीठांनी पहिल्या वर्षाची सगळीच वसतिगृहं नशामुक्त ठेवावीत आणि ही चौकट फॉर्मवरून काढून टाकावी.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. १९७१ साली अमेरिकेत मतदानाचं वय १८ झालं आणि त्या लाटेत अनेक राज्यांनी दारू पिण्याचं वयही खाली आणलं. महामार्गांवर तरुण मुलांचे बळी जाऊ लागले, तेव्हा १९८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला: जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीला कात्री. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. १९८९ मध्ये आणखी एक कायदा झाला, आणि केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला दारू आणि ड्रग्जविरुद्ध लेखी धोरण ठेवणं भाग पडलं. विद्यार्थ्यांना मिळणारी मदतसुद्धा केंद्राचा पैसा असतो, त्यामुळे बहुतेक कोणीच यातून सुटत नाही. पहिल्या वर्षाचं मूल अठरा-एकोणीस वर्षांचं असतं. म्हणजे त्याने कोणत्याही मजल्यावर पिणं नियमात बसत नाही.

मग ‘सबस्टन्स-फ्री’ मजल्यावर वेगळं काय आहे? वेगळं एवढंच, की तिथे नियम खरोखर पाळला जाईल असं विद्यापीठ आश्वासन देतं. या आश्वासनाची दुसरी बाजू कोणी मोठ्याने बोलत नाही. बाकीच्या मजल्यांवर आम्ही फारसं बघणार नाही, ही कबुली त्यात आलीच. सगळ्यांना लागू असलेला नियम ज्याला हवा त्याने अर्ज करून मिळवायचा, आणि अर्ज न करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने काय वाट्याला येईल ते सोसायचं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

वाट्याला काय येतं ते आकड्यांत मोजलं गेलं आहे. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले हेन्री वेक्सलर यांनी १९९३ पासून देशभरच्या कॉलेजांत मोठी पाहणी चालवली. पुरुषाने एका बैठकीत पाच किंवा अधिक पेले, बाईने चार किंवा अधिक, हे त्यांचं अतिमद्यपानाचं माप. पहिल्याच पाहणीत ४४ टक्के विद्यार्थी त्यात बसले. मला मात्र त्यांच्या कामातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: न पिणाऱ्यांना होणारा त्रास. झोपमोड, अभ्यासाचा खोळंबा, शिवीगाळ, वस्तूंची मोडतोड, अंगचटीला येणारी मुलं, आणि तर्र झालेल्या मित्राला सांभाळत काढलेल्या रात्री. २००१ मध्ये त्यांच्या गटाने नशामुक्त वसतिगृहांचा वेगळा अभ्यास केला. तिथे राहणाऱ्यांत अतिमद्यपान कमी होतं आणि हा दुसऱ्याच्या पिण्याचा त्रासही कमी होता. दारूवर फक्त बंदी असलेल्या, पण सिगारेटला मुभा असलेल्या वसतिगृहांत मात्र तितका फरक दिसला नाही. नुसती पाटी लावून भागत नाही, राहणाऱ्यांनी मिळून ठरवलेलं असावं लागतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

हा त्रास कसा असतो ते एकदा शनिवारी सकाळी कुठल्याही नेहमीच्या मजल्यावर जाऊन बघावं. गुरुवारपासूनच सुरुवात झालेली असते. शुक्रवारी रात्री नऊला खोल्याखोल्यांत ‘प्रीगेम’ चालतं, म्हणजे पार्टीला जाण्याआधी स्वस्तातली व्होडका घाईघाईने पोटात ढकलायची, कारण बाहेर वय विचारतात. दोन-अडीचला सगळे परततात. कोणी दुसऱ्याच खोलीचं दार वाजवत राहतं. सकाळी सामायिक बाथरूममधलं बेसिन ओकारीने तुंबलेलं असतं, कॉरिडॉरच्या कार्पेटला आंबूस वास असतो, आणि ज्या मुलीचा सोमवारी केमिस्ट्रीचा मिडटर्म आहे ती टूथब्रश घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघालेली असते. ते बेसिन साफ करायला सोमवारी सफाई कामगार येतो. बहुतेक वेळा तोही आपल्यासारखाच दुसऱ्या देशातून आलेला, वयाने या मुलांच्या बापाएवढा. नशामुक्त मजल्याच्या चर्चेत त्याचं नाव कधी निघत नाही. निघायला हवं.

‘जग असंच असतं, मुलांनी शिकायला नको का?’ असं विचारणारे खूप भेटतात, आणि त्यात पालकही असतात. जगाशी ओळख व्हावी हे मला मान्य आहे. पण माणूस रूममेटकडून नेमकं काय उचलतो, याचा एक फार चांगला अभ्यास झालेला आहे. मायकेल क्रेमर हे अर्थशास्त्रज्ञ, ज्यांना २०१९ मध्ये मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं, त्यांनी डॅन लेव्ही यांच्याबरोबर एका मोठ्या सरकारी विद्यापीठातल्या रूममेटांच्या जोड्या तपासल्या. जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लावलेल्या होत्या, त्यामुळे ‘पिणारे पिणाऱ्यांनाच शोधतात’ ही नेहमीची शंका इथे उरत नव्हती. ज्या मुलग्यांना कॉलेजआधीपासून पिणारा रूममेट मिळाला, त्यांचा जीपीए (चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) सरासरी पाव अंकाने घसरला. जे स्वतः आधीपासून वरचेवर पीत होते आणि ज्यांना तसाच वरचेवर पिणारा जोडीदार मिळाला, त्यांचा सुमारे दोन-तृतीयांश अंकाने. परिणाम पहिल्या वर्षापुरता राहिला नाही, पुढेही टिकला. रूममेट शाळेत किती हुशार होता, त्याच्या घरची परिस्थिती कशी होती, यांचा मात्र जीपीएवर परिणाम दिसला नाही. मुलींच्या गुणांवरही रूममेटच्या पिण्याचा परिणाम आढळला नाही.

आमच्याकडे पालक रूममेटबद्दल काय चौकशी करतात? कुठल्या शाळेतून आलाय, एसएटी या प्रवेशपरीक्षेत किती, आईवडील काय करतात. या अभ्यासाप्रमाणे यांतलं काहीच फारसं लागू पडत नाही. लागू पडतं ते शुक्रवारी रात्री तो काय करतो.

याच अभ्यासात माझ्या मागणीचं सगळ्यात मोठं कारण आहे. सर्वाधिक नुकसान आधीपासून पिणाऱ्या मुलाचं झालं, आणि तेही तसाच जोडीदार मिळाला तेव्हा. आता चौकटीची पद्धत काय करते ते बघा. न पिणारी आणि सावध मुलं स्वतःहून उठून एका मजल्यावर जातात. उरलेल्या मजल्यांवर पिणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. ज्याला सावरायला एखादा शांत रूममेट पुरला असता, त्याच्या नशिबी आणखी एक पिणारा येतो. म्हणजे आपण आपलं मूल सुरक्षित मजल्यावर ठेवतो त्याची किंमत दुसऱ्या कोणाचं तरी मूल मोजतं. तरीही आजच्या व्यवस्थेत मी पालकांना चौकट सोडून द्या असं म्हणणार नाही. आपल्या मुलाला दुसऱ्याच्या सुधारणेसाठी नेहमीच्या मजल्यावर ठेवणं हे कोणत्याही आईबापाचं काम नाही. हा गुंता विद्यापीठानेच सोडवायचा आहे, आणि तो सगळ्या पहिल्या वर्षाला एकच नियम खरोखर लावूनच सुटेल.

हे अव्यवहार्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी इतिहास दाखवीन. १९९७ मध्ये एमआयटीत अठरा वर्षांचा एक मुलगा प्रवेशानंतर जेमतेम महिन्याभरात फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाजगी मंडळाच्या, घरात केलेल्या अतिमद्यपानाने गेला. तोवर तिथे पहिल्या वर्षाची मुलं थेट फ्रॅट हाउसमध्ये राहायला जात. बदलायचं म्हटल्यावर माजी विद्यार्थ्यांनी परंपरेचा मोठा गजर केला, तरी २००२ पासून सगळ्या नव्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसवरच राहायचं हा नियम आला आणि टिकला. डार्टमथ कॉलेजने २०१५ मध्ये कॅम्पसवर कडक दारू बंद केली. मनात आणलं तर विद्यापीठं नियम बदलू शकतात. एका जिवाची किंमत देऊन मगच बदलायचे का, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेची दारूविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था स्वतः सांगते की कॉलेजचे पहिले सहा आठवडे विशेष धोक्याचे असतात. घर सुटलेलं असतं, मित्र अजून व्हायचे असतात, आणि कोणीतरी लाल प्लास्टिकचा पेला हातात देतं, तेव्हा तो नाकारायला लागणारं बळ त्याच आठवड्यांत सगळ्यात कमी असतं.

थीम हाउसिंगकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते, कारण तिथे टाळण्यापेक्षा करण्यावर भर आहे. कॉर्नेल विद्यापीठात कलाप्रेमींचं रिस्ली आहे, कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीभोवती १९७२ मध्ये उभं राहिलेलं उजामा आहे, १९९१ मध्ये मूळ अमेरिकनांसाठी मुद्दाम बांधलेलं अक्वेकॉन आहे. अशा घरांवर नेहमी एक आरोप होतो: मुलं आपल्या कोंडाळ्यात राहतात, मिसळत नाहीत.

हा वाद महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी घातलेला आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, मिळाली तरी तिथे तो उपरा होता. आपल्या माणसांतला पहिला निवारा मिळाल्याशिवाय तो शाळेपर्यंत पोचलाच नसता. यातल्याच जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसतील, स्वतः रांधतील असं बोर्डिंग काढलं, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं. भाऊरावांनी शाहूंचं काम खोडून काढलं नाही, त्याची पुढची पायरी बांधली. उजामाबद्दल माझं मत तेच आहे. ज्याला सगळ्या कॅम्पसवर एकटं पडल्यासारखं वाटतं, त्याला पहिलं वर्ष आपल्यांत काढू द्यावं. तिथून बाहेर पडायचं दार मात्र उघडं असावं.

आपल्या मुलांनी ‘साउथ एशियन’ मजला घ्यावा का, हे मला अनेकदा विचारतात. न्यू जर्सीतल्या भारतीयांनी गजबजलेल्या एडिसनमध्ये वाढलेल्या, शाळेतही निम्मे वर्गमित्र देशी असलेल्या मुलाने तो घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. त्याला निवाऱ्याची गरज नाही, त्याला सवयीची ऊब हवी असते. नेब्रास्काच्या एखाद्या गावातून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव नीट उच्चारलेलं ऐकणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये नव्या विद्यार्थ्यांना रूममेट स्वतः निवडायची मुभा बंद केली, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय पटला. इन्स्टाग्रामवर शोधून ठरवलेला रूममेट आपलीच दुसरी प्रत असतो. थीमचं घर निवडताना एकच गोष्ट तपासावी: तिथे खरोखर काही होतं का? भाषेच्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज ती भाषा बोलतात का, कलेच्या घरात स्टुडिओ रात्री उघडा असतो का? की वर्षातून दोनदा पिझ्झा आणि एक टीशर्ट, एवढंच? पहिल्या प्रकारच्या घरात शुक्रवारची रात्र आपोआप भरते, आणि तिथे दारूबंदीची पाटी नसली तरी फारसं बिघडत नाही.

नशामुक्त मजल्यांची खरी अडचण मी लपवणार नाही. तिथली बरीच मुलं स्वतःहून आलेली नसतात. चौकट आईने टिक केलेली असते, कधी तर मुलाच्या लॉगिनवरून. अशी मुलं पहिल्या आठवड्यातच इतर मजल्यांवर जाऊन पितात आणि मग परत यायला घाबरतात, कारण सही केलेली आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने थंडीत अख्खी रात्र लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून काढली होती. मजल्यावर परतलो तर आरए (मजल्याची देखरेख करणारा मोठा विद्यार्थी) रिपोर्ट करील आणि घरी कळेल, या भीतीने. बर्फ पडत असताना दारू पोटात घेऊन बाहेर बसणं म्हणजे जिवाशी खेळ. बाबांचा धाक कायद्याच्या धाकापेक्षा मोठा ठरला की असं होतं. म्हणून चौकट मुलाने स्वतः टिक करावी, नाहीतर करू नये. त्याला नको असेल तर त्याच्याशी बोलावं, कारणं ऐकावीत, आणि तरीही नको म्हणाला तर ते मानावं.

आणि नियम जितका कडक, तितकं मदत मागणं सोपं असलं पाहिजे. कॉर्नेलने २००२ मध्ये वैद्यकीय अभय सुरू केलं: बेशुद्ध मित्रासाठी ९११ या आपत्कालीन नंबरला फोन केला तर फोन करणाऱ्यावर आणि त्या मित्रावरही शिस्तभंगाची कारवाई नाही. त्यानंतर मदतीचे फोन वाढले. आज पुष्कळ कॉलेजांत आणि राज्यांत अशी तरतूद आहे. ती नशामुक्त मजल्यालाही लागू आहे का, हे हाउसिंग ऑफिसला लेखी विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर तो मजला घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. न्यू जर्सीत २०२१ पासून २१ वर्षांवरच्या व्यक्तीला गांजा कायदेशीर आहे, दुकानंही राजरोस उघडी आहेत. पण परदेशी नागरिकाच्या प्रवेशाचा निर्णय केंद्रीय कायद्याने होतो आणि तिथे ही सूट चालत नाही. पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली, खटला उभा राहायच्या आधीच, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. अमेरिकन रूममेटला जी चूक दंडात निभावते, तीच चूक सांगली-नाशिकच्या मुलाला परत पाठवू शकते. त्याच्यासाठी नशामुक्त मजला ही चैन नाही.

आणखी एक गैरसमज आमच्याकडे फार आहे. न्यू जर्सीच्या रटगर्स या सरकारी विद्यापीठात १९८८ पासून रिकव्हरी हाउसिंग आहे, व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. २०१५ मध्ये न्यू जर्सीने कायदाच केला की ज्या सरकारी विद्यापीठांत किमान पाव विद्यार्थी कॅम्पसवर राहतात, त्यांनी अशी सोय उभारावी. पालक हे आणि सबस्टन्स-फ्री एकच समजतात आणि ‘आमचा मुलगा काय व्यसनी आहे का?’ म्हणून रागावतात. दोन्ही सोयी वेगळ्या आहेत. पण ज्याच्या घरात खरोखर कोणी व्यसनी आहे, ज्या मुलीने लहानपणापासून बाबांच्या बाटल्या मोजल्या आहेत, तिला त्या पेल्याच्या वासानेही धडकी भरते. अशा मुली आमच्या मंडळाच्या घरांतही आहेत, आणि कारण सांगावं लागेल या संकोचाने त्या चौकट टिक करत नाहीत. सगळेच मजले नशामुक्त असते तर त्यांना कोणालाच काही सांगावं लागलं नसतं.

ओरिएंटेशनला विद्यापीठं पालकांना अर्धा दिवस फी, मील प्लॅन आणि पार्किंग समजावून सांगतात. शेवटी प्रश्नांना वेळ असते, आणि तिथे आमची मंडळी लॉन्ड्रीचं विचारून बसतात. या वर्षी जाणाऱ्यांनी माइक हातात घेऊन वेगळं विचारावं: तुमच्या पहिल्या वर्षाच्या नेहमीच्या मजल्यांवर गेल्या वर्षी अॅम्ब्युलन्स किती वेळा आली? तुमचा नियम सगळ्या मजल्यांवर तोच आहे, तर तो एकाच मजल्यावर का पाळता?